एनएफएस शेअरवर रूटला लिहिता येत नसेल तर कुठे कुठे बघायचं

एनएफएस म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर (शेअर) नेटवर्कवरून आपल्या मशीनला, म्हणजे क्लायंटला, जोडून वापरायची सोय. रूटने, म्हणजे सगळे हक्क असलेल्या अ‍ॅडमिन खात्याने, लॉगिन केलंय, शेअर नीट माउंट झालाय म्हणजे जोडला गेलाय, फायली दिसतायत, पण साधी टच कमांड मारली तरी 'परमिशन डिनाइड'. अशा वेळी बरेच जण सर्व्हरवर जाऊन सगळ्या फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) देऊन मोकळे होतात. कृपया तसं करू नका, काम होतं खरं पण मग त्या शेअरवर कोणीही काहीही लिहू शकतो, आणि मूळ कारण कळत नाही ते नाहीच.

आधी एरर नीट वाचा. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असं आलं तर परमिशनच्या मागे लागूच नका, माउंट किंवा एक्सपोर्ट (सर्व्हरने शेअर कोणाला आणि कसा द्यायचा ती नोंद) आरओ म्हणजे रीड-ओन्ली आहे, किंवा सर्व्हरवरची डिस्कच रीड-ओन्ली झालीये. 'परमिशन डिनाइड', किंवा मालक बदलताना 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर बहुतेक वेळा रूट स्क्वॅश. म्हणजे क्लायंटवरचा रूट, यूआयडी (युजरचा आकडा) ०, सर्व्हरकडे पोचला की सर्व्हर त्याला नोबडी, म्हणजे खास हक्क नसलेलं खातं, करून टाकतो, यूआयडी ६५५३४. हे बाय डिफॉल्ट चालूच असतं आणि ते बरोबरच आहे, नाहीतर ज्याच्या हातात एखाद्या क्लायंटचा रूट आहे तो सगळ्यांच्या फायलींचा मालक झाला असता.

खात्री करायची असेल तर सर्व्हरवर त्या शेअरमध्येच एक रिकामं टेस्ट फोल्डर करा, फक्त त्यालाच ७७७ द्या, क्लायंटवरून रूटने त्यात एक फाइल बनवा आणि मग सर्व्हरवर जाऊन एलएस -एलएन मारा, त्यात मालकाचा आकडा दिसतो. मालक ६५५३४ दिसला तर स्क्वॅश नक्की, ० दिसला तर अडचण दुसरीकडे आहे. हे क्लायंटवर बघू नका, कारण एनएफएस व्हर्जन ४ मध्ये दोन्हीकडचं आयडीमॅपचं (युजरची नावं आणि आकडे जुळवणाऱ्या सोयीचं) डोमेन जुळत नसेल तरी नोबडीच दिसतं आणि उगाच चुकीच्या वाटेला लागतो आपण. काम झालं की ते फोल्डर उडवा.

आता सर्व्हरवर एक्सपोर्टएफएस -व्ही मारा. एक्सपोर्ट्स फाइलमध्ये काय लिहिलंय ते सोडा, प्रत्यक्षात काय लागू आहे ते इथे दिसतं. फाइल बदलली पण ती लागू करायला एक्सपोर्टएफएस -आरए मारायचं राहिलं हे फार कॉमन आहे. आणि त्या फाइलमधली स्पेस बघा! क्लायंटचं नाव आणि कंस यांच्यात एक स्पेस पडली की त्या क्लायंटला डिफॉल्ट म्हणजे रीड-ओन्ली मिळतं आणि कंसातला आरडब्ल्यू (वाचायचा-लिहायचा हक्क) बाकी सगळ्या जगाला.

उपाय करताना माझं मत स्पष्ट आहे, रूटने लिहायचंच नाही. ज्या युजरचं फोल्डर आहे त्याच्या नावाने सुडो -यू करून लिहा, फक्त त्याचा यूआयडी दोन्ही मशीनवर एकच हवा, कारण नेहमीच्या सेक सिस मोडमध्ये सर्व्हर नाव बघत नाही, आकडा बघतो. ते जमत नसेल तर एक्सपोर्टमध्ये अ‍ॅनॉनयूआयडी आणि अ‍ॅनॉनजीआयडी देऊन स्क्वॅश झालेल्या रूटला एखाद्या साध्या युजरवर वळवा. नो रूट स्क्वॅश (रूटला रूटच ठेवणारा पर्याय) अगदी शेवटी, आणि तोही एकाच आयपीला, पूर्ण सबनेटला कधीच नाही. डिस्कलेस (स्वतःची डिस्क नसलेलं) मशीन किंवा मालकीसकट बॅकअप घेणारं मशीन असेल तर त्याला पर्याय नसतो, पण मग त्या क्लायंटचा रूट शेअरवर सेटयूआयडी असलेला (कोणीही चालवला तरी मालकाच्या हक्काने चालणारा) प्रोग्राम ठेवू शकतो आणि दुसऱ्या मशीनवर कोणीही तो चालवून रूट होऊ शकतो, म्हणून बाकी क्लायंटवर माउंट करताना नोएसयूआयडी (सेटयूआयडी न मानणारा पर्याय) लावाच.

एवढं करूनही अडलं तर सर्व्हरवर एलएसअ‍ॅटर मारून फोल्डरला आय फ्लॅग (बदल करायलाच बंदी) लागलाय का बघा. हाताने लिहिता येतं पण सर्व्हिसमधून नाही, असं असेल तर क्लायंटचा एसईलिनक्सचा (प्रोग्रामवर जादा बंधनं घालणाऱ्या सुरक्षा यंत्रणेचा) लॉग उघडा. आणि शेअर कर्बेरॉसवर (तिकिटाने ओळख पटवणाऱ्या यंत्रणेवर) असेल तर नो रूट स्क्वॅश देऊनही रूट बऱ्याचदा नोबडीच राहतो, कारण तिथे तो मशीनच्या क्रेडेन्शियलने जातो. तिथे युजरचं तिकीट घेऊनच लिहावं लागतं.