हिरड्याच्या शाईने पोपच्या दरबाराचं चित्र

नोव्हेंबर १५२९ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स इटलीतल्या बोलोन्याला आला आणि त्याने सातव्या क्लेमेंट पोपपुढे गुडघे टेकून त्याच्या पायाचं चुंबन घेतलं. अशा भेटीचं चित्र रेनेसाँच्या, म्हणजे त्या काळच्या युरोपीय चित्रकारांच्या, रीतीने टाक-शाईत काढायचं तर बहुतेक सामान गावातच मिळतं. खरी मेहनत शाईची.

तिकडे ओकच्या झाडावरच्या गाठी वापरत. त्यांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आपल्या हिरड्यातही भरपूर असतं. बी काढून ६० ग्रॅम हिरडा भरड कुटा, अर्धा लिटर पाण्यात दोन दिवस भिजवा, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर निम्मा आटवा आणि फडक्याने गाळा. लोखंडी कढई नको. तिचं लोखंड उतरून माप बिघडतं. त्यात २० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १५ ग्रॅम बाभळीचा डिंक विरघळवा, दोन लवंगा टाका, म्हणजे बुरशी धरत नाही. हिराकस फिकट हिरवा हवा; तांबूस पडलेला असेल तर शाईत गाळ बसतो. जास्त घातला तर काही वर्षांनी शाई कागदच खाते. जुन्या चित्रांत रेषेवरच कागद चिरलेला दिसतो तो यामुळे.

ही शाई ओढताना फिकी दिसते, हवा लागली की काळी होते. म्हणून लगेच दुसरा हात देऊ नका. जुनी चित्रं तपकिरी दिसतात ती बरीचशी वयाने. चहाचं पाणी घालून तो रंग आणण्यात अर्थ नाही.

टाकासाठी हंसाचं किंवा मोठ्या बदकाचं पीस घ्या. नळी गरम वाळूत खुपसून कडक करा, तिरपी कापा, टोकाला अर्धा सेंटिमीटर चीर द्या. चीर वाकडी गेली की शाईचे ठिपके पडतात. बांबूचा बोरू चालतो, पण रेषा जाड येते. कागद खळ दिलेला, जाड हवा; वहीच्या कागदावर शाई फुटते.

कच्ची आखणी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या काड्यांच्या, कोळशाने करा. काड्या डब्यात भरून झाकण मातीने लिंपा, बारीक भोक ठेवा, निखाऱ्यात ठेवा; भोकातून धूर थांबला की कोळसा तयार.

आधी सिंहासनाच्या तीन पायऱ्या आणि वरचं छत आखा. बसलेला पोप आणि बाजूला उभे कार्डिनल (पोपच्या हाताखालचे वरिष्ठ धर्मगुरू) यांची डोकी साधारण एका रेषेत ठेवा, म्हणजे त्या रेषेखाली वाकलेला राजा एकटाच उठून दिसतो. त्याचा मुकुट डोक्यावर नको, सेवकाच्या हातात द्या. सगळं चित्र त्या वाकलेल्या पाठीवर उभं आहे. मानेपासून कमरेपर्यंतची रेषा टाक न उचलता एका दमात ओढा. झग्याच्या चुण्यांना समांतर तिरक्या रेघांची सावली द्या. उजव्या हाताने त्या उजवीकडून वरून डावीकडे खाली येतात. डावखुऱ्या लिओनार्दो दा विंचीच्या रेघा याच्या उलट्या आहेत. चेहऱ्यांवर रेघा कमीच.

शेवटी दुप्पट पाणी घातलेली शाई कुंचल्याने फक्त सावलीच्या बाजूला फिरवा. शाई पूर्ण वाळल्यावरच आखणीचा कोळसा झटका. मे महिन्यात टाकाच्या टोकावरच शाई वाळते, तेव्हा सकाळी नऊच्या आत बसा.