पुढचा ब्रेक धरून राहतोय? कॅलिपर खोलण्याआधी निपल सोडून बघा

दहा-बारा वर्षं जुनी बोलेरो पिकअप दारात आली आणि मालक म्हणाला, "पुढचं चाक तापतंय", की नवीन पोरगा पहिला हात कॅलिपरला (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणारा भाग) घालतो. रबरांचं नवं किट पडतं, नवे पॅड पडतात आणि आठ दिवसांत गाडी परत येते. बिघाड पुढच्या चाकात दिसतो, पण तो तिथलाच असतो असं नाही. गॅरेजात नव्याने लागलेल्याने सगळ्यात आधी हे शोधणं शिकावं. पॅड बदलायला काय, कुणीही अर्ध्या तासात शिकतो.

आधी गाडी चालवून बघा. ब्रेक मारल्यावर ती डावीकडे ओढत असेल तर डावी बाजू काम करतेय, खोलायची उजवी. मात्र पाय पेडलवर नसतानाही डावीकडे जात असेल आणि डावंच चाक तापत असेल, तर डावं धरून राहिलंय, म्हणजे पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नाही. पेडल पाय ठेवल्यावर हळूहळू खाली बसतं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आतलं रबर गेलं. पेडल दगडासारखं कडक असेल तर इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, पाय दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा), त्याची व्हॅक्यूमची नळी आणि डिझेल गाडीत बहुधा अल्टरनेटरच्या मागे बसवलेला व्हॅक्यूम पंप बघा.

आता धरून राहणाऱ्या चाकाकडे. तपासणी चाक गरम असतानाच करायची. थंड झाल्यावर ते मोकळं होतं आणि हाती काहीच लागत नाही. मागच्या चाकांना दगड लावा, पुढून जॅक चढवा, चेसिसखाली स्टँड द्या. चाक हाताने फिरवून बघा. जड असेल तर कॅलिपरचा निपल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) रिंग पान्याने अर्धा आटा सोडा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक एकदम सुटलं, तर कॅलिपरचा दोष नाही, वरून प्रेशर अडकलंय. थेंबभर ऑइल आलं आणि चाक तसंच घट्ट राहिलं, तर पॅड ढकलणारा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम आहेत.

प्रेशर अडकलंय असं दिसलं तर निपल बंद करून हेल्परला दोन-तीनदा पेडल मारायला सांगा. चाक पुन्हा धरलं की या वेळी रबरी होज लोखंडी पाइपला मिळतो तिथला नट ढिला करा. चाक सुटलं तर दोष अजून वर आहे. इथे सुटत नाही, पण निपल सोडल्यावर सुटतं, तर होज आतून गेलाय. बाहेरून तो धडधाकट दिसतो; आतलं रबर सुटून पडद्यासारखं लोंबतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत यायला तेवढा जोर नसतो. होज दोन्ही बाजूंचे एकदम बदला, जोडाचे तांब्याचे वॉशर नवे टाका.

दोन्ही चाकं सारखीच धरत असतील तर मास्टर सिलिंडरचे नट सोडून तो बूस्टरपासून ३-४ मिमी पुढे ओढा. चाकं सुटली तर बूस्टरचा रॉड सिलिंडरला कायम ढकलून ठेवतोय. टाकीकडे परत जायचं बारीक भोक त्यामुळे बंद राहतं, गरम होऊन फुगलेल्या ऑइलला वाट मिळत नाही आणि पॅड आवळत जातात.

कॅलिपर खोलायचीच वेळ आली तर तो तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. पॅड नीट न्याहाळा. आतला पॅड जास्त झिजलाय तर पिस्टन परतत नाही किंवा पिना जाम. बाहेरचा जास्त झिजला तर कॅलिपर पिनांवर मागे सरकत नाही. तिरका झिजला तर एकच पिन अडकली आहे. पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग इथे नसते. चौकोनी रबरी रिंग ब्रेक मारताना किंचित पिळते आणि पाय काढला की पीळ सोडत पिस्टनला केसभर मागे ओढते. डस्ट कव्हर फाटलं की पावसाचं पाणी आत जातं आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे पडतात. कोकणातल्या गाड्यांत खाऱ्या हवेने हे लवकर होतं. खड्डे पडलेला पिस्टन घासून वापरू नका. नव्या किटचं रबर तो पुन्हा खातो. धुण्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइल घ्या. डिझेलने धुवायची सवय अनेक गॅरेजांत आहे, पण डिझेल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं. साधं ग्रीसही पिनांना चालत नाही, सिलिकॉनचं लागतं.

पॅडचा मसाला ३ मिमीवर आला की बदली. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटर लावा आणि त्याखाली असेल तर लेथवर न्यायची गरजच नाही, नवी घ्या. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कआधी बेअरिंगची ढील बघा. चाक वर-खाली धरून हलवा. ढील असेल तर खड्ड्यातून गेल्यावर डिस्क पॅडला मागे ढकलते आणि पहिलं पेडल खोल जातं.

पाइप किंवा कॅलिपर खोलला की ऑइलमध्ये हवा शिरते. ती काढायला पूर्ण सिस्टीमसाठी १ लिटर ऑइल हाताशी ठेवा. डॉट ३ किंवा ४ (ब्रेक ऑइलचे दर्जे), टाकीच्या झाकणावर असेल तेच. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० वर येते, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. क्रम साधारण लांबच्या चाकाकडून जवळच्या चाकाकडे. हेल्परने पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल सोडायचा; निपल घट्ट झाल्याशिवाय हेल्परने पाय उचलायचा नाही. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा गुटका ठेवा. पेडल तळाला गेलं तर मास्टरचं रबर एरवी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटतं. मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मालाच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी-जास्त करणारा) असेल तर मागच्या चाकांची हवा गाडी जमिनीवर असतानाच काढा. अ‍ॅक्सल लोंबकळला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचं ऑइल अडवतो. हाच व्हॉल्व्ह गंजून अडकला किंवा मागच्या ड्रममधले ब्रेक लायनर ढिले असले, की भाजीने भरलेल्या गाडीचं सगळं ब्रेकिंग पुढच्या पॅडवर येतं. पॅड वारंवार संपत असतील तर मागचे ड्रम खोला.

नवे पॅड टाकल्यावर रिकामी गाडी ५० वरून १० पर्यंत हळू आणा, अर्धा मिनिट चालू द्या, पुन्हा तसंच, पंधरा-वीस वेळा. मग उतरून दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात न्या. ऊब सारखी लागली तर गाडी मालकाच्या ताब्यात द्या, पण पहिले दोनशे किलोमीटर भरलेली गाडी घाटात उतरवू नका, एवढं त्याला सांगून.