बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलसाठी तांब्याची गोळी कशी निवडावी

शिशाच्या गाभ्याची १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी वर्षानुवर्षं भरत आलेला माणूस तांब्याकडे वळतो, तेव्हा सवयीने तांब्याचीही १८० ग्रेनचीच पेटी उचलतो. मीही उचलली होती. रायफल .३०८ विंचेस्टर, नळी २० इंची. कागदावर गट, म्हणजे लागोपाठच्या गोळ्यांची भोकं, छान जुळला, म्हणून ओल्या वर्तमानपत्रांचा लांबलचक गठ्ठा ३०० यार्डांवर मांडला आणि त्यात तीन गोळ्या झाडल्या. गठ्ठा थराथराने उकलत त्या शोधून काढल्या, तर एकीचीही पाकळी धड उघडलेली नव्हती. टोकाचं भोक जरासं रुंदावलं होतं, एवढंच. अशी गोळी हरणाच्या छातीतून बारीक भोक पाडून आरपार निघून जाते, आणि जनावर दूर कुठल्या तरी झुडपात जाऊन तासन् तास तडफडतं. गोळीची निवड मनापासून करायची ती याचसाठी.

गोळीचा दोष नव्हता. मी वजन आधी ठरवलं आणि वेगाचा विचार केलाच नाही. तांब्याच्या बाबतीत हिशेब उलट्या टोकाकडून, म्हणजे सावजाकडून सुरू करावा लागतो. (काडतूस भरण्याची मूळ रीत तुम्हाला येते, परवाने हातात आहेत आणि शिकार कायद्यात बसते, असं धरून पुढचं लिहितो आहे.)

तांबं वेगळं का वागतं

शिशाची घनता ११.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तांब्याची ८.९६. त्यामुळे तेवढ्याच व्यासाची आणि तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांबीला जास्त भरते. पुढच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

दुसरं, शिसं मऊ असतं. जनावरावर आदळलं की ते पसरतं, त्याचे कण सुटतात, आणि त्यातले कित्येक डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक असतात. ते मांसात राहतात आणि उरलेल्या आतड्या-कोथळ्यातून गिधाडांच्या, गरुडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात काँडोर पक्ष्यांना शिशाची विषबाधा होत होती. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली.

तांब्याची गोळी एकसंध असते. तिच्या टोकात पोकळी कोरलेली असते. गोळी आदळली की पोकळीत शिरलेल्या ओल्या मांसाचा दाब भिंती फाडतो आणि त्या पाकळ्यांसारख्या मागे वळतात. तुकडे फारसे सुटत नाहीत. परत मिळालेल्या गोळीचं वजन बहुधा मूळ वजनाच्या ९५ टक्क्यांच्या वरच भरतं. पण हा दाब तयार होतो तो वेगामुळे. वेग कमी पडला तर फूल उमलतच नाही.

पायरी १: सर्वांत लांबचा बार ठरवा

स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, शेतातल्या ओबडधोबड बैठकीतून, धाप लागलेली असताना, किती अंतरावर तुमची गोळी खात्रीने छातीत बसते? २०० यार्ड असेल तर २०० लिहा. तोच आकडा पुढचं सगळं ठरवणार आहे.

आता उत्पादकाने दिलेला किमान वेग बघा, म्हणजे ज्या वेगाखाली गोळी नीट उघडत नाही तो. तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांसाठी तो सेकंदाला १८०० ते २००० फूट असतो. लांब पल्ल्यासाठी घडवलेल्या काही गोळ्यांची पोकळी मोठी असते, त्या याहून खालीही उघडतात. पेटीवर काहीही छापलेलं असो, मी त्यात २०० फूट मिळवतो. छापलेला आकडा म्हणजे जेमतेम उमलण्याची हद्द असते, आणि जनावर नेहमी आडवं, मोकळं उभं राहत नाही.

उदाहरण घ्या. .३०८ मधून साधारण ०.४२ बॅलिस्टिक गुणांकाची (गुणांक जितका जास्त, तितकी गोळी हवेत वेग कमी गमावते) १५० ग्रेनची गोळी २८०० फुटांनी निघाली, तर ३०० यार्डांवर तिचा वेग २२०० च्या जवळपास आणि ४०० वर २००० च्या आसपास राहतो. त्याच रायफलमधून १८० ग्रेनची गोळी २५५० ने निघते. तिचा गुणांक जास्त असला तरी ३०० यार्डांच्या थोडं पुढे ती २००० च्या खाली येते. माझी नळी २० इंची, म्हणजे वेग त्याहूनही कमी. गठ्ठ्यातल्या गोळ्या का उघडल्या नाहीत ते मला हे गणित मांडल्यावर कळलं.

तुमच्या नळीतून निघणारा खरा वेग क्रोनोग्राफवर मोजा. काडतूस भरण्याच्या मॅन्युअलमधला वेग बहुतेक वेळा लांब चाचणी-नळीतून मोजलेला असतो.

पायरी २: वजनात एक पायरी खाली या

शिशात जड गोळी निवडायचं कारण होतं. ती आदळल्यावर वजन गमावते, म्हणून आधीच जास्त घ्यायची. तांबं वजन गमावत नाही, तेव्हा ते कारणच उरत नाही. .३०-०६ मध्ये १८० ऐवजी १६५ किंवा १५०, .२७० मध्ये १५० ऐवजी १३०, ६.५ क्रीडमूरमध्ये १४० ऐवजी १२० ते १२७, आणि .२४३ मध्ये १०० ऐवजी ८० किंवा ८५. हलकी गोळी वेगाने निघते, पाकळ्या पूर्ण उघडते आणि तरीही आरपार जाते. कित्येक जुन्या शिकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना मी एवढंच सांगतो की परत मिळालेली गोळी तराजूवर ठेवून बघा.

पायरी ३: नळीच्या पिळाशी ताडून बघा

ही पायरी कधीही गाळू नका. गोळी जितकी लांब, तितकी ती स्थिर राहायला जास्त फिरावी लागते. नळीतल्या आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या मळसूत्री खाचांचा पीळ किती, म्हणजे किती इंचांत एक फेरा पूर्ण होतो, ते नळीवर लिहिलेलं नसेल तर घरीच मोजा. साफसफाईच्या सळईवर घट्ट बसणारा पॅच (कापडाचा तुकडा) लावा. सळईची मूठ मोकळी फिरणारी हवी. ती नळीच्या तोंडापासून आत ढकला, सळईवर खूण करा आणि पूर्ण एक फेरा होईपर्यंत सळई किती इंच आत गेली ते पाहा. तीनदा मोजून सरासरी घ्या.

मग गोळीची स्थिरता सांगणारं मिलरचं सूत्र लावा. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले ३०. त्याला चार गोष्टींच्या गुणाकाराने भागायचं: पिळाचा वर्ग, व्यासाचा घन, लांबी, आणि लांबीच्या वर्गात १ मिळवून येणारा आकडा. यात व्यास इंचांत, पण पीळ आणि लांबी व्यासाच्या पटीत घ्यायची. उत्तर १.५ किंवा जास्त हवं.

समजा .३०८ व्यासाची १५० ग्रेनची गोळी कॅलिपरवर १.३० इंच भरली. १० इंचाला एक फेरा असलेल्या नळीत उत्तर येतं १.८४, म्हणजे उत्तम. तीच गोळी १२ इंचाला एक फेरा असलेल्या जुन्या नळीत घातली तर १.२८. कागदावर ती बहुधा ठीक दिसेल, पण थंडीत हवा दाट होते आणि स्थिरता आणखी घटते. अशा नळीसाठी मी १३० ग्रेनकडे वळेन. लक्ष्यावर भोकं गोल न दिसता लांबट दिसली, तर गोळी आडवी होऊन लागते आहे असं समजा आणि ती पेटी बाजूला ठेवा.

प्लॅस्टिकचं टोक असलेली गोळी या साध्या सूत्रात प्रत्यक्षापेक्षा जास्त अस्थिर दिसते. टोकामुळे लांबी वाढते, वजन मात्र जवळजवळ वाढत नाही. त्यामुळे उत्तर १.४ आलं तरी लगेच घाबरू नका.

पायरी ४: घडण

तांब्याच्या आधुनिक शिकारी गोळीची सुरुवात १९८९ मध्ये बाजारात आलेल्या बार्न्स एक्सपासून धरतात. त्या पहिल्या गोळ्या गुळगुळीत होत्या, नळीत तांब्याचा थर फार सोडायच्या, आणि कित्येक रायफलींत नेम टिकत नसे. २००३ मध्ये बार्न्सचीच टीएसएक्स आली तेव्हा अंगावर आडव्या खाचा होत्या. आटे गोळीत रुततात तेव्हा सरकलेलं तांबं त्या खाचांत जागा शोधतं, दाब आणि थर दोन्ही कमी होतात. त्यामुळे आज खाचा नसलेली गोळी मी सहसा घेत नाही.

प्लॅस्टिकचं टोक आदळताना पाचरीसारखं आत शिरतं आणि उमलण्याला चालना देतं, शिवाय मॅगझिनमध्ये पोकळीचं तोंड दबत नाही. मध्यम आणि लांब पल्ल्याला टोक असलेलीच घ्या. काही उत्पादक शुद्ध तांबं वापरतात, काही ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्ताचं मिश्रण. माझ्या हाताला तरी या दोन्हींत नेमाचा ठळक फरक आढळलेला नाही.

एक मात्र नीट बघा. पोकळी नसलेल्या भरीव गोळ्याही याच फळीवर असतात. त्या उमलण्यासाठी केलेल्याच नाहीत. हरणासाठी त्या चुकूनही नकोत.

पायरी ५: त्याच गोळीचा डेटा

शिशाच्या १५० ग्रेनचा पावडरचा आकडा तांब्याच्या १५० ग्रेनला लावू नका. लांब गोळी पितळी केसमध्ये खोल बसते, पावडरची जागा खाते, आणि तांबं आट्यांत रुतायला जास्त जोर घेतं. दोन्हींनी दाब वाढतो. गोळीच्या उत्पादकाने त्याच गोळीसाठी छापलेला डेटा घ्या, सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात करा आणि थोडं थोडं वाढवत जा. बोल्ट उचलायला जड जाऊ लागला, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टोपी) सपाट होऊ लागला, केसच्या बुडावर इजेक्टरची (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाची) चमकदार खूण उमटली, तर तिथेच थांबून मागे या.

पायरी ६: उडी द्या

शिशाची गोळी आट्यांना जवळजवळ टेकवून बसवायची सवय अनेकांना असते. तांब्याला उडी लागते. गोळी आणि आट्यांची सुरुवात यांत ०.०५० इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवून सुरू करा. गट जुळला नाही तर आणखी आत बसवून बघा, प्रत्येक वेळी ०.०२० इंच. पावडर आणि खोली एकाच वेळी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळायचं नाही. लांबी मॅगझिनमध्ये बसते ना, तेही सुरुवातीलाच पाहून घ्या. .३०८ ची प्रमाण लांबी २.८१० इंच आहे.

पायरी ७: नळी आधी स्वच्छ, मग परीक्षा

जुन्या गोळ्यांचा थर नळीत असताना नवी गोळी पारखली तर निकाल फसवा येतो. तांबं विरघळवणारं सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं थांबा, मग पॅच फिरवा. पहिला निळा-हिरवा निघतो, दुसरा निळसर. सॉल्व्हंट आणि पॅच आलटून पालटून चालू ठेवा, अगदी पांढरा पॅच बाहेर येईपर्यंत. त्यानंतर दोन-चार बार नळी बसवायला जातात, ते गटात धरू नका.

नेम जुळला की उमलण्याची परीक्षा. ओला कागद किंवा पाण्याने भरलेल्या डब्यांची रांग, पायरी १ मध्ये ठरवलेल्या सर्वांत लांबच्या अंतरावर. जवळच्या अंतरावरून ही परीक्षा करून उपयोग नाही. मागे मातीचा भक्कम बांध हवाच, कारण तांब्याची गोळी फुटत नाही, आणि दगडावर घासून उडाली तर अख्खीच्या अख्खी उडते. निघालेली गोळी धुऊन कॅलिपरवर धरा. उमललेल्या पाकळ्यांची रुंदी मूळ व्यासाच्या दीडपट किंवा जास्त असेल तर ती गोळी घेऊन निघा. त्याहून कमी असेल तर वजन आणखी उतरवा, नाहीतर स्वतःचा पल्ला ५० यार्डांनी आखूड करा.

शिकारीत मात्र नेम खांद्याच्या हाडावर, छातीच्या पुढच्या भागात ठेवा. शिशाच्या गोळीचे तुकडे फुफ्फुसात पसरतात, तांब्याचे पसरत नाहीत. खांदा मोडून गोळी आत गेली की जनावर सहसा तिथेच बसतं. कातडीखाली अडकलेली गोळी सापडली तर पिशवीत घाला, चिठ्ठीवर अंतर आणि कोन लिहा, घरी येऊन वजन करा आणि वहीत त्या पेटीच्या नावापुढे नोंदवून ठेवा.