सांख्यिकी: सूत्र लावण्याआधी उत्तर कुठे पडणार ते ओळखा

दहावीच्या बीजगणितात सांख्यिकी हे सहावं आणि शेवटचं प्रकरण. वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी यांतच दिवस जातात, आणि इथे पोचेपर्यंत सराव परीक्षा दारात उभी असते. मग सूत्रांची घोकंपट्टी होते आणि पेपरात सूत्र आठवतं, पण त्यात कुठला आकडा घालायचा ते आठवत नाही. त्यापेक्षा एकच उदाहरण घेऊन बसा, वही-पेन्सिल हाताशी ठेवा.

आधी तिघांची ओळख

पाच शेतकऱ्यांची जमीन समजा १, २, २, ३ आणि ४२ एकर आहे. बेरीज ५०, भागिले ५, म्हणून मध्य (म्हणजे सरासरी) १० एकर. पण त्या पाचांत दहा एकरवाला एकही नाही! चढत्या क्रमाने लावून बरोबर मधली संख्या घेतली की मध्यक मिळतो: २ एकर. सर्वांत जास्त वेळा आलेली संख्या म्हणजे बहुलक, तोही २. एका बड्या बागायतदाराने मध्य ओढून वर नेला, मध्यक मात्र जागचा हलला नाही. चपलांच्या दुकानदाराला यातला बहुलकच उपयोगाचा, कारण सरासरी ७.३ नंबरची चप्पल मागायला कुणी येत नाही.

आता वर्गीकृत सारणी

५० मुलांना शाळेत पोचायला लागणारा वेळ, मिनिटांत (०-१० सारखा प्रत्येक गट म्हणजे एक वर्ग, आणि त्यातल्या मुलांची संख्या ही त्याची वारंवारता):

०-१० : ३ मुलं
१०-२० : ८ मुलं
२०-३० : २० मुलं
३०-४० : १२ मुलं
४०-५० : ७ मुलं

वर्ग ०-९, १०-१९ असे तुटक दिले असतील, तर मध्यक आणि बहुलक काढण्याआधी प्रत्येक खालच्या मर्यादेतून ०.५ वजा करा आणि वरच्या मर्यादेत ०.५ मिळवा. वर्ग सलग केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मध्य. कोणत्या मुलाला नेमकी किती मिनिटं लागली ते आपल्याला माहीत नाही, म्हणून वर्गातल्या सगळ्यांना वर्गमध्याइतका, म्हणजे वर्गाच्या बरोबर मधल्या संख्येइतका, वेळ लागला असं धरायचं: ५, १५, २५, ३५, ४५. हिशेब सोपा व्हावा म्हणून गृहीत मध्य २५ घ्या. विचलनं, म्हणजे वर्गमध्य वजा २५: -२०, -१०, ०, १०, २०. वारंवारतेने गुणल्यावर -६०, -८०, ०, १२०, १४०, बेरीज १२०. ती ५० ने भागली की २.४. हे २५ मध्ये मिळवा, मध्य २७.४ मिनिटं. ऋण चिन्ह सुटलं की सगळं गडगडतं, तेवढं सांभाळा.

मध्यक. इथे थोडं थांबू, कारण मार्क सर्वांत जास्त इथेच सांडतात. संचित वारंवारता, म्हणजे वारंवारतांची वाढत जाणारी बेरीज, लिहा: ३, ११, ३१, ४३, ५०. निम्मी मुलं २५. अकरा मुलं २०-३० च्या आधीच संपली, एकतिसावं याच वर्गात संपतं, म्हणजे मध्यकीय वर्ग हाच. पंचविसापर्यंत पोचायला या वर्गातली आणखी १४ मुलं हवीत. वर्गात २० मुलं आहेत आणि ती १० मिनिटांत सारखी पसरली आहेत असं धरू. २० मुलांना १० मिनिटं, तर १४ मुलांना ७. म्हणून मध्यक २० अधिक ७, म्हणजे २७ मिनिटं.

पुस्तकातलं सूत्र म्हणजे हेच त्रैराशिक: एकूण वारंवारतेच्या निम्म्यातून आधीच्या वर्गाची संचित वारंवारता वजा करा, मध्यकीय वर्गाच्या वारंवारतेने भागा, वर्गांतराने (वर्गाच्या रुंदीने, इथे १०) गुणा आणि वर्गाच्या खालच्या मर्यादेत मिळवा. नेहमीची चूक म्हणजे ११ ऐवजी त्याच वर्गाची ३१ घेणं. तसं केलंत तर उत्तर १७ येईल. १७ हे २०-३० मध्ये बसत नाही, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडली जाते. उत्तर आपल्या वर्गात पडलं का, हे बघायला पाच सेकंद पुरतात.

बहुलक. सर्वांत मोठी वारंवारता २०, तिच्या आधीची ८, नंतरची १२. सूत्रातल्या अपूर्णांकात वर २० मधून ८ वजा, म्हणजे १२. खाली २० च्या दुपटीतून ८ आणि १२ वजा, म्हणजे २०. भागाकार ०.६, गुणिले १०, म्हणजे ६. हे वर्गाच्या खालच्या मर्यादेत, २० मध्ये, मिळवा: बहुलक २६ मिनिटं.

शेजारच्या वारंवारतांची अदलाबदल झाली तर २४ येतं. तेही वर्गात बसतं, त्यामुळे वरची तपासणी इथे लुळी पडते. दुसरी युक्ती वापरा: बहुलक मोठ्या शेजाऱ्याकडे झुकतो. नंतरचा शेजारी मोठा आहे, तेव्हा उत्तर २५ च्या पुढेच हवं.

आलेख

आयतालेखात प्रत्येक वर्गाचा स्तंभ त्याच्या वारंवारतेइतका उंच काढतात; स्तंभांमध्ये फट नको. वारंवारता बहुभुजासाठी प्रत्येक स्तंभाच्या माथ्याचा मध्यबिंदू घ्या, ते बिंदू रेषांनी जोडा आणि दोन्ही टोकांना शून्य वारंवारतेचा एकेक वर्ग धरून आकृती अक्षाला टेकवा. आपल्या उदाहरणात हे बिंदू -५ आणि ५५ वर येतील. मुलं हे टोकाचे बिंदू हमखास विसरतात. प्रमाण आलेख कागदाच्या कोपऱ्यात आधीच लिहून टाका.

वृत्तालेखात वर्तुळाचे भाग पाडतात; प्रत्येक भागाचा कोन म्हणजे भाग भागिले एकूण, गुणिले ३६०. वरच्या २० मुलांचा कोन १४४ अंश. सगळ्या कोनांची बेरीज ३६० आली, की मगच कंपास उचला.