दुर्मीळ जनुकीय आजार असलेले मूल: कागदपत्रे आणि घरातली जबाबदारी

पालकांनी एक गोष्ट सुरुवातीलाच गृहीत धरावी. रात्री-अपरात्री मुलाला ज्या डॉक्टरांकडे न्यावे लागेल, त्यांनी या आजाराचा रुग्ण बहुधा कधीच पाहिलेला नसेल. असे आजार हजारोंच्या संख्येने आहेत आणि ते सगळे कोणा एकाला पाठ असावेत, ही अपेक्षा रास्त नाही.

म्हणून मुलाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून एका पानाचे आपत्कालीन पत्र सहीनिशी घ्यावे. त्यात आजाराचे पूर्ण नाव, मुलाचे वजन, चालू औषधांच्या मात्रा, टाळायची औषधे आणि पहिल्या तासात काय करायचे, एवढेच असावे. उदाहरणार्थ, एमकॅड कमतरतेत, म्हणजे चरबीचे विघटन करणाऱ्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेत, शरीराला चरबीपासून पुरेशी ऊर्जा मिळवता येत नाही. एरवी ठणठणीत दिसणाऱ्या अशा मुलाचे खाणे ताप किंवा उलट्यांमुळे थांबले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि तेव्हा सर्व तपासण्यांची वाट न पाहता ग्लुकोज सुरू करावे लागते. हे पत्रात लिहिलेले असले, की भेदरलेल्या पालकांना वाद घालत बसावे लागत नाही. मुलाचे वजन वाढले की पत्रही नवे घ्यावे.

जनुकीय चाचणीचा अहवाल सारांशावर न भागवता संपूर्ण जपावा, कारण आज ‘अर्थ अनिश्चित’ म्हणून नोंदलेल्या जनुकातील बदलाचा अर्थ काही वर्षांनी स्पष्ट होऊ शकतो. आजार कोणाच्या घराण्यातून आला, ही नातेवाइकांची चौकशी मात्र तिथेच थांबवावी. अप्रभावी आनुवंशिकतेत, म्हणजे दोन्ही पालकांकडून सदोष जनुक मिळाल्यावरच आजार होतो तेव्हा, सहसा दोन्ही पालक निरोगी वाहक असतात (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) आणि प्रत्येक गर्भधारणेत मुलाला आजार होण्याचा धोका २५ टक्के असतो; काही आजारांत तर बदल मुलातच प्रथम उद्भवतो.

बहुतेक घरांत एकच पालक सगळ्याचा जाणकार होतो आणि बाकीचे मदतनीस उरतात. ही सोय वाटली, तरी तो पालक आजारी पडला की सारेच अडते. त्यामुळे दोघांनी तपासणीला आळीपाळीने जावे आणि औषधे देण्याची सवय आणखी एका व्यक्तीला प्रत्यक्ष करून द्यावी, नुसती सांगून नव्हे.

भावंडांना आजाराचे खरे नाव सांगावे. न सांगितल्यास आपल्यामुळेच काही झाले, अशी समजूत लहान मुले करून घेतात. निरोगी भावंड वाहक आहे का, एवढेच पाहणारी चाचणी मात्र सहसा ते स्वतः निर्णय घेण्याइतके मोठे होईपर्यंत करू नये.