लग्नाच्या डीव्हीडीचे एमपी-फोर करताना बिघडलेले रंग कसे सुधारावेत

इंदूरच्या अनेक मराठी घरांत लग्ना-मुंजींच्या डीव्हीडी जपून ठेवलेल्या आहेत आणि त्या मोबाईलवर पाहता याव्यात म्हणून त्यांचे एमपी-फोर केले जाते. मात्र रूपांतरानंतर नवरीचा लाल शालू नारिंगीकडे झुकतो, हिरवा चुडा काळपट दिसतो, आणि लोक रंगांच्या पट्ट्या सरकवू लागतात. तसे करू नये. आधी दोष कोणता ते ओळखावे.

प्रथम डीव्हीडीतील संपूर्ण व्हिडिओ टीएस फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे. मग मूळ चित्रीकरण आणि नवी फाईल एकाच संगणकावर, व्हीएलसी प्लेअरमध्ये, एकाच क्षणी थांबवून पाहावी. अंतरपाट धरलेला क्षण यासाठी सर्वांत उपयोगी, कारण त्यात पांढरे कापड, कुंकवाचे स्वस्तिक, हिरव्या बांगड्या आणि चेहरे एकत्र मिळतात.

कापड पांढरेच राहून फक्त स्वस्तिक नारिंगी झाले असेल, तर दोष रंगसूत्राचा, म्हणजे रंग आकड्यांत साठवण्याच्या सूत्राचा आहे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते आणि त्याचे रंग बीटी.६०१ या सूत्राने साठवलेले असतात, तर एचडी चित्रासाठी बीटी.७०९ हे सूत्र वापरले जाते. फाईलवर सूत्राची नोंद नसेल तेव्हा अनेक प्लेअर चित्राच्या आकारावरून अंदाज बांधतात, त्यामुळे चित्र एचडीच्या १०८० ओळींपर्यंत मोठे केले आणि सूत्र जुनेच राहिले की लाल-हिरवे ढळतात. पांढऱ्या-करड्यात रंगाचा अंशच नसल्याने ते मात्र हलत नाहीत.

यावर माझ्या मते उत्तम उपाय म्हणजे चित्र मोठे न करणे, कारण मोठे केल्याने नवा तपशील येत नाही. हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्राममध्ये मूळ आकार कायम ठेवावा. मोठे करणे अटळ असेल, तर फिल्टर्समधील कलरस्पेस या पर्यायात बीटी.७०९ निवडावे. राजवाड्याजवळच्या एखाद्या दुकानातून काम करून घेत असाल, तर हेच तिथे सांगावे.

अंतरपाटही मळकट आणि काळे केस राखाडी दिसत असतील, तर दोष काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्यांचा आहे. ० ते २५५ या उजेडाच्या मापावर डीव्हीडीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. प्लेअरने ती मर्यादा ० ते २५५ धरली की सारे चित्र धुरकट होते. मूळ डीव्हीडीही तशीच दिसत असेल, तर फाईल निर्दोष असून ग्राफिक्स ड्रायव्हरची मांडणी तपासावी. अन्यथा फाईलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या प्रोग्राममध्ये कलर रेंजपुढे ‘लिमिटेड’ आहे का ते पाहावे आणि नसल्यास मूळ प्रतीवरून पुन्हा रूपांतर करावे.

लाल काठांवर दातेरी रेषा दिसल्यास हँडब्रेकमधील डीइंटरलेस हा त्या रेषा घालवणारा फिल्टर चालू करावा.

पूर्ण फाईल करण्याआधी एका मिनिटाचा तुकडा करून तो मोबाईलवर आणि टीव्हीवर पाहावा. हॅलोजनच्या प्रकाशाने आलेला पिवळेपणा मूळ चित्रीकरणातच असतो. तो काढायचा असल्यास हे सारे जुळल्यावर, वेगळ्या प्रतीवर काढावा.