हॉस्टेलच्या पाण्याचा हिशोब: विद्यापीठात पर्यावरण सप्ताह घ्यायचा तर असा घ्या

पर्यावरणाचा कार्यक्रम म्हटलं की पोरं आधी फ्लेक्सचं डिझाइन करायला बसतात, मग रॅली, मग 5 जूनला झाडं. मराठवाड्यात 5 जूनला झाडं लावू नका, स्पष्ट सांगते. तेव्हा सुट्ट्या असतात, पाऊस आलेला नसतो, आणि एखादी वळवाची सर आली तरी नंतर पंधरा-पंधरा दिवस दडी मारतो, रोपाला पाणी घालायला कॅम्पसवर कुणी नसतं. झाडं जुलैत लावा, जमीन चांगली भिजल्यावर. सप्ताह घ्यायचा तर 22 मार्चच्या जागतिक जल दिनाला धरून घ्या. हॉस्टेल भरलेलं असतं, ऊन चढायला लागलेलं असतं, आणि पाण्याचं काय होणार ही चिंता ऑफिसलाही लागलेली असते, त्यामुळे तुमचं ऐकून घेतात.

विषय एकच ठेवा, आपल्या हॉस्टेलचं पाणी. ते किती वाया जातं हे एकदा दिवसा आणि एकदा रात्री मोजायचं, आणि तो आकडा घेऊन ऑफिसात दुरुस्ती मागायची. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे हवामान बदलावर आपल्या पोरांशी बोलायचं तर बर्फाच्या डोंगरांपासून सुरुवात करायची गरज नाही. आणि पाणी वाचलं की वीजही वाचते. 5 एचपीची मोटर तासभर चालली की जवळपास 4 युनिट जातात, आणि एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. टँकरचं तर विचारूच नका, एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो.

परवानगी, व्हॉट्सॲप ग्रुप, पाहुण्यांचं भाषण हे सगळं तुम्हाला जमतं, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. फ्लेक्सऐवजी कापडी बॅनर, जेवण असेल तर पळसाच्या पत्रावळी आणि स्टीलचे ग्लास. झालं.

दिवसाची मोजणी

ही सोपी आहे. गळणाऱ्या प्रत्येक नळाखाली लिटरची बाटली धरायची आणि मोबाइलवर वेळ लावायचा. बाटली भरायला 10 मिनिटं लागली तर त्या एका नळातून दिवसाला 144 लिटर चाललंय. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळीही बादलीत सोडून मोजा. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा, पण झाडांना रोज घालू नका, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार जास्त, आरओनं ते अजून वाढतात आणि माती खराब होते.

रात्रीची मोजणी

इथं सगळे अडकतात, आम्हालाही सगळ्यात जास्त त्रास इथंच झाला. नळ दिसतात, पण भिंतीतली पाइप आणि फ्लशची टाकी गुपचूप गळत असते, आणि ते फक्त कुणी पाणी वापरत नसताना कळतं. नेटवर लोक सांगायलेत की रात्री अकराला टाकी बघा, सकाळी सहाला बघा आणि वजाबाकी करा. त्यांनी कधी हॉस्टेलची रात्र बघितलेली नसावी. एक वाजेपर्यंत पोरी अभ्यास करतात, चारला मेसच्या मावशी पातेली धुवायला घेतात, आणि परीक्षेच्या आठवड्यात तर रात्र अशी नसतेच. रमजान असेल तर पहाटे सहरीसाठी नळ सुरू होतात, तो महिना टाळा. एरवी मधल्या वारी रात्री 1 ते साडेतीन, एवढीच वेळ धरा.

आधी मोटर बंद, आणि मोटरला ऑटो सेन्सर असेल तर तोही बंद, नाहीतर मध्येच चालू होऊन सगळं वाया जातं. टाकीत पाणी येणारा वॉल्व्ह बंद करून अर्धा तास थांबा, पाणी हलायचं थांबू द्या. मग लांब लाकडी पट्टीवर कोरडा खडू घासा आणि सरळ तळाला टेकवा, ओली रेघ टॉर्चच्या उजेडात स्वच्छ दिसते. दर वेळी जागा तीच, माणूस तोच, आणि आकडा मिलीमीटरमध्ये. अंदाजे दोन बोटं उतरलं असं लिहिलेला कागद ऑफिसात कुणी हातात घेत नाही.

प्रत्येक मजल्यावर एक जण वही घेऊन बसवा, जितक्या वेळा फ्लश तितक्या रेघा. एका फ्लशला किती लिटर जातात ते दिवसाच मोजून ठेवा, जुन्या टाक्यांना 10 च्या आसपास जातात. बाकी वापरासाठी बादल्या संध्याकाळीच भरून ठेवायला सांगा.

समजा टाकी आतून 3 मीटर बाय 2 मीटर आहे, म्हणजे 1 सेंटीमीटर उतरलं की 60 लिटर गेले. तासाभरात 2 सेंटीमीटर उतरलं, म्हणजे 120 लिटर, त्यातून तीन फ्लशचे 30 काढा, राहिले 90. दिवसाला 2160 लिटर. हॉस्टेलला माणशी रोज 135 लिटर धरतात, तर हे सोळा जणींचं पाणी झालं, कुणीही न वापरता गेलेलं.

आता गळती कुठं ते शोधायचं. दोननंतर एकेका मजल्याचा वॉल्व्ह बंद करा आणि अर्ध्या अर्ध्या तासानं पट्टी टाका. ज्या मजल्याचा वॉल्व्ह बंद केल्यावर पाणी उतरायचं मंदावतं, तिथं दुखणं आहे. सगळे बंद करूनही उतरत असेल तर टाकी तरी गळतीये किंवा वॉल्व्हच्या आधीची मेन पाइप तरी. मजला सापडला की सकाळी तिथल्या प्रत्येक फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास कुणाला जाऊ देऊ नका. संडासाच्या भांड्यात रंग उतरला की ती फ्लशची टाकी गळतीये. हळद टाकू नका, ती तळाशी बसते आणि काही कळत नाही.

एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. जमिनीखालच्या हौदात कुणीही उतरायचं नाही, झाकण उघडून वरूनच पट्टी टाकायची. बंद हौदात प्राणवायू कमी असतो, त्यात माणसं गुदमरून गेलेली आहेत. लोखंडी शिडीच्या उंच टाकीवर रात्री चढायचं नाही, कठडा असलेल्या गच्चीवरच मोजणी करायची. आणि मुलींच्या हॉस्टेलची मोजणी मुलीच करतील, रेक्टर मॅडमना सोबत घेऊन.

प्लंबर मामांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. कोणता वॉल्व्ह कुठल्या मजल्याचा हे कुठल्याच कागदावर नसतं, ते फक्त मामांना माहीत असतं. त्यांना न विचारता मोजणी केली आणि गळतीचा आकडा थेट साहेबांसमोर ठेवला, तर बोलणी ते खातात आणि पुढं कुठलाच वॉल्व्ह तुम्हाला सापडत नाही. वॉशर मिळत नाहीत म्हणून ते कधीपासून सांगत असतात, तुमच्या आकड्यामुळे त्यांचं म्हणणं पुढं जाऊ द्या. आम्ही अहवालावर त्यांचंही नाव टाकतो.

ऑफिसात काय न्यायचं

एकच पान. किती लिटर, कोणत्या मजल्यावर, दुरुस्तीला काय सामान लागेल आणि त्याचं दुकानातून आणलेलं कोटेशन. वीस पानांचा रंगीत अहवाल केलात तर तो कपाटात जातो. कुलसचिवांकडे जाताना एनएसएसच्या सरांना सोबत घ्या, त्यांची सही असेल तर फाइल लवकर हलते. समारोपाच्या दिवशी ठराव वगैरे नको, दुरुस्तीची तारीख मागा आणि ती सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

दुरुस्ती झाल्यावर तीच पट्टी, तीच वेळ, तोच हिशोब परत करा आणि दोन्ही आकडे हॉस्टेलच्या दारातल्या फळ्यावर लिहा. ही दुसरी मोजणी पहिल्या वर्षाच्या मुलींना करायला द्या, आपण नुसतं बाजूला उभं राहायचं. शेवटच्या वर्षाच्या मेमध्ये निघून जातात, आणि पुढच्या मार्चला तो वॉल्व्ह कुठला हे माहीत असणारं कुणीतरी हॉस्टेलात राहायला पाहिजे. वही आणि पट्टी रेक्टर ऑफिसच्या कपाटात ठेवा, कुणाच्या खोलीत नको.